आधी पाणी, मग जमीन, शेवटी आकाश

अंदमानच्या सहलीचा बेत बहुतेक घरांत विमानाच्या तिकिटापासून सुरू होतो. मुलांच्या परीक्षा कधी संपतात, रजा किती मिळते, मुंबईहून कोणते विमान स्वस्त पडते, हे एकदा जमले की हॉटेल, बोट आणि सेल्युलर जेल यांच्या तारखा बसवल्या जातात. स्कुबा डायव्हिंगचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. जिथे फट मिळेल तिथे ते घुसवले जाते. ‘शेवटच्या दिवशी विमान दुपारचे आहे. सकाळी नॉर्थ बेला जाऊन डायव्हिंग उरकून घेऊ, तेवढेच पैसे वसूल,’ असे कुणीतरी सुचवते आणि सगळे माना डोलावतात.

सोयीच्या दृष्टीने हा विचार बरोबर वाटतो. शरीराच्या दृष्टीने मात्र यापेक्षा वाईट वेळ दुसरी नाही. समुद्राच्या तळाकडे जाताना शरीरावरचा दाब वाढतो आणि विमानात बसल्यावर तो कमी होतो. या दोन्ही गोष्टी शरीर वेगवेगळ्या दिवशी सहज पेलते. एकापाठोपाठ एक, काही तासांच्या अंतराने त्या घडल्या तर धोका निर्माण होतो. म्हणूनच बेटावरच्या सहलीत काय पाहायचे याइतकेच ते कोणत्या क्रमाने पाहायचे, हे महत्त्वाचे ठरते.

रक्तात विरघळणारा नायट्रोजन

समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. समुद्रात दर १० मीटर खाली गेले की त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि २० मीटरवर तिप्पट. पहिल्यांदा डायव्हिंग करणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षकासोबत जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतात. तिथे दाब जमिनीवरच्या सव्वादोन पट असतो. ‘ओपन वॉटर’ प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी ही मर्यादा १८ मीटर आहे.

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये साधी हवाच असते, फक्त ती दाबून भरलेली असते. तोंडातले रेग्युलेटर भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने ती हवा फुप्फुसात देते. या हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन असतो. शरीर ऑक्सिजन वापरते, नायट्रोजनचा त्याला उपयोग नाही. पण दाब वाढला की वायू द्रवात जास्त विरघळतो, या साध्या नियमाने हा नायट्रोजन रक्तात, स्नायूंत आणि चरबीत उतरत जातो. जितके खोल जाल आणि जितका वेळ थांबाल, तितका तो जास्त साठतो.

वर येताना हाच नायट्रोजन उलट्या वाटेने, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासावाटे बाहेर पडतो. सावकाश वर आले तर त्याला पुरेसा वेळ मिळतो. घाई केली तर काय होते, हे गोटीसोड्याच्या बाटलीने सगळ्यांना लहानपणीच दाखवलेले असते. गोटी खाली ढकलली की बाटलीतला दाब एकदम उतरतो आणि विरघळलेला वायू फसफसून वर येतो. शरीरात असे बुडबुडे सांध्यांजवळ झाले तर वेदना होतात. ते मज्जारज्जूत किंवा मेंदूत झाले तर बधिरपणा, अशक्तपणा, तोल जाणे अशी गंभीर लक्षणे दिसतात. या विकाराला ‘डीकम्प्रेशन सिकनेस’ म्हणतात.

हा विकार वैद्यकशास्त्राला माहीत झाला तो पर्यटकांमुळे नव्हे, मजुरांमुळे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खोदताना नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या मोठ्या पेट्यांत माणसे काम करत. पाळी संपवून वर आल्यावर ती वेदनेने वाकून जात. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यालाही १८७२ मध्ये या दुखण्याने गाठले आणि पुढची अनेक वर्षे त्याला घरात बसूनच काम पाहावे लागले. १८७८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने या दुखण्यामागे नायट्रोजनचे बुडबुडे असल्याचे दाखवून दिले. १९०८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन आणि सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून किती खोलीवरून किती वेळाने वर यावे, याची कोष्टके बांधली. आज डायव्हरच्या मनगटावर दिसणारा छोटा संगणक त्याच कोष्टकांचा वारसदार आहे.

विमानात नेमके काय होते?

पाण्याबाहेर आल्यावर नायट्रोजन लगेच निघून जात नाही. तो पुढचे कित्येक तास हळूहळू बाहेर पडत राहतो. जमिनीवर असताना हे मुकाट्याने घडते आणि काही जाणवतही नाही. विमान उडाले की चित्र बदलते.

प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये दाब नियंत्रित केलेला असला, तरी तो समुद्रसपाटीइतका ठेवलेला नसतो. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर जेवढा असतो, तेवढा तो असतो. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे. म्हणजे विमानात बसलेला प्रवासी काही मिनिटांतच कळसूबाईच्याही वर पोहोचलेला असतो. भोवतालचा दाब जवळपास एक चतुर्थांशाने घटतो. शरीरात शिल्लक राहिलेल्या नायट्रोजनसाठी ही सोड्याची गोटी पुन्हा एकदा ढकलण्यासारखीच गोष्ट आहे. समुद्रातून नियमाप्रमाणे सावकाश वर आलेल्या माणसालाही मग विमानात त्रास सुरू होऊ शकतो, आणि तिथून उपचारापर्यंत पोहोचायला तास-दोन तास सहज जातात.

म्हणून डायव्हिंगच्या वैद्यकीय सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने विमानप्रवासाआधीचे किमान अंतर सांगितले आहे. एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास. एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. वर येताना टप्प्याटप्प्याने सक्तीचे थांबे घ्यावे लागतील अशी खोल किंवा लांब डाइव्ह असेल तर १८ तासांपेक्षा बरेच जास्त. हे सगळे लक्षात ठेवणे अवघड वाटत असेल, तर शेवटची डाइव्ह आणि विमान यांच्यात पूर्ण २४ तास ठेवावेत. सहलीला गेलेल्या कुटुंबासाठी हा हिशेब सर्वांत सोपा आहे.

पृष्ठभागावर तरंगत, नळीने बाहेरची हवा घेत केलेल्या स्नॉर्कलिंगला ही अट लागू नाही, कारण त्यात दाबाखालची हवा श्वासात जात नाही. डोक्यावर हेल्मेट घालून केलेल्या ‘सी वॉक’मध्ये मात्र दाबाखालचीच हवा मिळते. तिथे खोली कमी असली, तरी त्याच दिवशीचे विमान टाळणेच शहाणपणाचे.

सात दिवसांचा क्रम

अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम. डायव्हिंगसाठी बहुतेक जण जातात ते हॅवलॉक आणि नील या बेटांवर. २०१८ पासून त्यांची अधिकृत नावे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी आहेत. सहा रात्री आणि सात दिवसांच्या नेहमीच्या सहलीत हा क्रम शरीराला मानवतो.

पहिला दिवस पोहोचण्याचा. महाराष्ट्रातून निघालेले बरेच प्रवासी रात्रीच्या किंवा पहाटेच्या विमानाने, मध्ये कुठेतरी विमान बदलून पोहोचतात. झोप झालेली नसते आणि विमान उतरताना कान दडे बसल्यासारखे झालेले असतात. त्या दिवशी विश्रांती आणि भरपूर पाणी, एवढेच काम ठेवावे.

दुसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप आणि संध्याकाळी राधानगरचा किनारा. तिसऱ्या दिवशी सकाळी डाइव्ह, आणि आवडले तर चौथ्या दिवशी दुसरी. पाचव्या दिवशी शहीद द्वीपला स्नॉर्कलिंग आणि किनाऱ्यावरची भटकंती. सहाव्या दिवशी राजधानीत परत येऊन सेल्युलर जेल, संग्रहालये आणि जमलेच तर रॉस बेटावरचे जुने अवशेष. सातव्या दिवशी विमान.

या क्रमात सेल्युलर जेल शेवटी येते, आणि ते शेवटीच शोभते. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या तुरुंगाच्या सातपैकी आता तीनच शाखा उभ्या आहेत. सावरकर बंधूंमुळे मराठी माणसासाठी ती केवळ पाहण्याची जागा नाही. तिथे घाईने फेरी मारून विमानतळ गाठण्यापेक्षा आख्खा दिवस दिलेला बरा. शरीरातला नायट्रोजन त्या वेळात आपोआप बाहेर पडत राहतो.

या कोरड्या दिवसाचा दुसरा फायदाही आहे. वारा वाढला की बेटांमधल्या बोटी रद्द होतात. परतीच्या बोटीनंतर लगेच विमान ठेवले असेल तर एक रद्द झालेली फेरी सगळी सहल विस्कटून टाकते. एक दिवस हाताशी असला तर निभावते.

वेळेचे आणखी एक गणित ध्यानात ठेवावे. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला असूनही घड्याळ भारताचेच वापरते. त्यामुळे तिथे पाच ते सहाच्या दरम्यान उजाडते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचलाच अंधारू लागते. ‘जरा उन्हे उतरल्यावर निघू’ म्हणणाऱ्यांचा दिवस हातातून जातो. डाइव्ह सकाळीच ठेवावी. हंगामाच्या दृष्टीने जानेवारी ते एप्रिल हे महिने त्यातल्या त्यात शांत समुद्राचे असतात. जूनपासून पावसाळी वाऱ्याने समुद्र खवळतो आणि पाणी गढूळ होते.

कान सांगतो ते ऐकावे

डीकम्प्रेशन सिकनेस गंभीर असला तरी उथळ पर्यटक डाइव्हमध्ये तो क्वचितच होतो. नवख्यांना सर्वाधिक त्रास होतो तो कानांचा. पडद्यामागच्या मध्यकर्णात हवा असते. खाली जाताना बाहेरून पाणी पडद्यावर दाबते आणि तो आत ओढला जातो. मध्यकर्ण आणि घसा यांना जोडणारी बारीक नळी उघडली तरच आत-बाहेरचा दाब सारखा होतो. त्यासाठी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर मारायची असते. दुखू लागण्याची वाट न पाहता दर मीटरभर हे करावे. दाबातला बदल पहिल्या दहा मीटरमध्येच प्रमाणाने सर्वाधिक असतो, त्यामुळे कान सर्वांत जास्त तिथेच दुखतात. दुखले तर प्रशिक्षकाला खूण करून थोडे वर यावे. जोर लावून फुंकू नये, पडदा फाटू शकतो.

सर्दी झाली असेल तर ही नळी सुजून बंद होते. अशा वेळी नाक मोकळे करणारी गोळी किंवा थेंब घेऊन उतरण्याचा मोह अनेकांना होतो. औषधाचा परिणाम पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना कानातली हवा अडकून बसते आणि वेदना वाढतात. सर्दीत डाइव्ह पुढे ढकलावी, नाहीतर सोडून द्यावी. वेळापत्रकात डायव्हिंगसाठी एकाऐवजी दोन दिवस ठेवण्याचे हेही एक कारण आहे. पर्यायी दिवस असला की माणूस आजारपण लपवत नाही.

दुसरा नियम श्वासाचा. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला, तर त्याच हवेचे आकारमान दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांना एक-दीड मीटरची चढणही इजा करू शकते. म्हणून घाबरून झटकन वर येणे हीच नवख्याची सर्वांत धोकादायक चूक असते. पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकासोबत नेले जाते, पण त्यांनी आधी उथळ पाण्यात मुखवट्यातले पाणी काढणे आणि रेग्युलेटरने श्वास घेणे याचा मनसोक्त सराव करावा. तो न देता थेट खोल पाण्यात नेणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा.

डॉक्टरांना कधी विचारावे?

डायव्हिंग केंद्रावर एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात. बोट सुटायची घाई असते आणि अनेक जण सगळीकडे ‘नाही’वर खूण करून मोकळे होतात. ती प्रश्नावली घरी असतानाच मागवून घ्यावी आणि प्रामाणिकपणे भरावी. दमा, फिट्स, पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साठून झालेला आजार, हृदयविकार, कानाच्या पडद्याला छिद्र किंवा कानाची शस्त्रक्रिया, इन्सुलिनवर असलेला मधुमेह यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरू नये. गरोदर स्त्रियांनी डायव्हिंग अजिबात करू नये. दहा वर्षांखालील मुलांना डाइव्हला नेत नाहीत.

पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी हृदयाचा विचार जरूर करावा. पाण्यात उतरले की दाबामुळे पायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते आणि हृदयाचे काम वाढते. त्यात अवजड साहित्य, लाटा आणि भीती यांची भर पडते. डायव्हिंगमधल्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. धूम्रपान, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी तपासणी करून घ्यावी.

छातीकडे आलेल्या या रक्तामुळे मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात आणि शरीरातले पाणी कमी होते. उन्हाने ते आणखी घटते. म्हणून डाइव्हच्या आधी आणि नंतर पाणी किंवा शहाळे घ्यावे. आदल्या रात्रीचे मद्य टाळावे. बोट लागते म्हणून घेतलेल्या गोळीने गुंगी येत असेल तर ती घेऊन पाण्याखाली जाऊ नये.

वर आल्यावर

डाइव्हनंतर थकवा येणे स्वाभाविक आहे. पण सांध्यात खोलवर दुखणे, त्वचेवर चट्टे किंवा खाज, हातापायांना मुंग्या, चक्कर, लघवी अडणे, नेहमीपेक्षा फार वेगळा थकवा यांपैकी काही जाणवले तर ‘उन्हाने झाले असेल’ म्हणून झोपू नये. लक्षणे बहुधा पहिल्या काही तासांतच दिसतात. प्रशिक्षकाला लगेच सांगावे. प्रथमोपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. त्यानंतर दाबाच्या कक्षात ठेवून उपचार करतात. तिथे दाब वाढवून बुडबुडे लहान करतात आणि मग सावकाश दाब उतरवतात. अशा रुग्णाने पुन्हा पाण्यात उतरू नये आणि डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळी घेऊन विमानात तर मुळीच बसू नये.

उंचीचा हा नियम फक्त विमानापुरता नाही. तारकर्ली-मालवणला सकाळी डायव्हिंग करून त्याच दुपारी गाडीने आंबोलीचा घाट चढणारी कुटुंबे अनेक आहेत. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. विमानप्रवासाच्या सूचना साधारण ६०० मीटरपासून पुढच्या उंचीसाठी आहेत. तारकर्लीच्या उथळ डाइव्हमध्ये धोका कमी असला तरी तिथेही रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घाट चढणे उत्तम.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

सहल कंपनीशी बोलताना खोलीतून समुद्र दिसतो का, हे सगळेच विचारतात. त्याआधी चार प्रश्न विचारावेत. शेवटची डाइव्ह आणि परतीचे विमान यांत किती तास आहेत? डायव्हिंगच्या बोटीवर ऑक्सिजनचे सिलिंडर असते का? एका नवख्यामागे एक प्रशिक्षक असतो का? आणीबाणीत दाबाचा कक्ष कुठे आहे आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो? उत्तरे देताना समोरचा चाचरत असेल, तर दुसरे केंद्र शोधावे. प्रवास विम्यात स्कुबा डायव्हिंग येते की साहसी खेळ म्हणून वगळले आहे, हेही कागदावर वाचून घ्यावे.

समुद्राच्या बाजूनेही थोडे पथ्य हवे. प्रवाळाला हात लावू नये. त्याने कातडी कापते, जखम लवकर भरत नाही आणि वर्षाला काही सेंटिमीटरच्या गतीने वाढलेला प्रवाळ क्षणात मोडतो. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींमुळे पोहण्यास मनाई असते. तिथल्या पाट्या शोभेच्या नसतात.

एवढे सांभाळले तर पाण्याखालचा तो अर्धा तास आयुष्यभर पुरतो. बेत करताना कागदावर आधी परतीच्या विमानाची वेळ लिहावी, तिथून २४ तास मागे यावे आणि एक रेघ मारावी. डायव्हिंग त्या रेघेच्या अलीकडेच बसवावे. ते बसत नसेल, तर एक दिवस वाढवावा किंवा या खेपेला स्नॉर्कलिंगवर समाधान मानावे. समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.